चाकाला हात लावून बघा

दसऱ्याला आपल्याकडे घरोघरी गाडीची पूजा होते. ट्रॅक्टर धुतात, जीप धुतात, झेंडूच्या माळा घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. पूजा चांगलीच आहे. ज्याच्या जिवावर घर चालते, त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत. पण वाचकहो, एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. लिंबू ठेवायला वाकलेला माणूस चाकाकडे बघत नाही. टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते, चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ आलेला असतो, आणि त्याच चाकाने लिंबू चिरडून गाडी जत्रेला निघते.

कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाट उतरायच्या अलीकडे, मी तीस वर्षे गॅरेज चालवले. आता मुलगा बघतो; मी नुसता खुर्ची टाकून बसतो आणि मागितला नसला तरी सल्ला देतो. या तीस वर्षांत माझ्याकडे जेवढ्या गाड्या ब्रेक निकामी होऊन आल्या, त्यांतल्या बहुतेकींनी आधी कित्येक दिवस सांगून ठेवले होते. कुणी ऐकले नव्हते, एवढेच.

बैल एका पायावर जपून चालू लागला की शेतकऱ्याला ते लांबून कळते. तो खूर उचलून बघतो, काटा काढतो, हळद लावतो. त्यासाठी तो कुठल्या शाळेत गेलेला नसतो. रोज अंगावरून हात फिरवतो, म्हणून त्याला कळते. गाडीचेही तसेच आहे. ती पायाला सांगते, कानाला सांगते, नाकाला सांगते. ही भाषा शिकायला मिस्त्री व्हावे लागत नाही. आणि ती एकट्या ड्रायव्हरला येऊन भागत नाही. गाडीत बसणाऱ्या सगळ्या घराला ती आली पाहिजे.

पाय काय सांगतो

आधी ब्रेक चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. तुम्ही पायडल दाबता, तेव्हा मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. तिथे ते लायनरला ड्रमवर किंवा पॅडला डिस्कवर दाबते. सगळा खेळ त्या तेलाच्या दाबाचा. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो.

पायडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा शिरली आहे असे समजा. आपली विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा फिरते जोरात, पण पाणी फेकत नाही. इथेही तसेच. हवा दाबली जाते, पायाचा जोर तिथेच मुरतो.

पायडल पहिल्यांदा खोल जाते, पण दोन-तीनदा मारले की वर येते, असे असेल तर बहुधा लायनर झिजले आहेत किंवा त्यांची सेटिंग सैल झाली आहे.

पायडल दाबून धरले आणि ते हळूहळू खाली बसत गेले, तर तेल कुठेतरी सुटते आहे. ही परीक्षा घरीच करा. गाडी सपाटीवर उभी करा, पायडल जोराने दाबून धरा आणि तीस अंक मोजा. पाय खाली सरकत गेला तर गाडी त्या दिवशी हलवू नका. चारही चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. ओल लागली तर त्या चाकाचा वायसर गेला आहे. कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर आतल्या आत तेल सोडतो आहे.

पायडल दगडासारखे कडक झाले, पायाने नेट लावला तरी गाडी लवकर थांबेना, तर बूस्टर बघायचा. इंजीन बंद करून पायडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजीन चालू करा. बूस्टर चांगला असेल तर पायडल पायाखाली थोडेसे खाली जाते. जागचे हलले नाही तर बूस्टर किंवा त्याची हवेची नळी तपासून घ्या. यावरून हेही ध्यानात येईल की उतारावर डिझेल वाचवायला इंजीन बंद करणे किती धोक्याचे आहे. इंजीन बंद झाले की दोन-चार दाबांत बूस्टरचा जोर संपतो.

ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते का? लगेच ब्रेक उघडू नका. आधी दोन्ही बाजूंच्या टायरची हवा मोजा. पुष्कळदा तेवढेच निघते. हवा सारखी असूनही ओढत असेल, तर एका बाजूच्या लायनरला तेल लागले आहे किंवा एका बाजूचा ब्रेक अडकला आहे.

कान आणि नाक

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी एक-दोनदा कुरकुरतो. तो वरवरचा गंज असतो, जातो. पण दिवसभर किंचाळणारा ब्रेक म्हणजे लायनर किंवा पॅड संपत आल्याची सूचना. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर ऐकू आली, तर लायनर संपून रिबिटा ड्रमला चरे पाडू लागल्या आहेत. लायनर वेळेवर बदलला तर खर्च लायनरचा. नंतर तो लायनर आणि ड्रम दोन्हींचा.

वासाची गोष्ट मात्र मी एका म्हातारीकडून शिकलो. २००६ सालच्या मे महिन्यात एक जीप लग्नासाठी चिपळूणकडे निघाली होती. आत लहानमोठी अकरा माणसे. मागच्या बाकावर ड्रायव्हरची आई. ती म्हणू लागली, "अरं, कायतरी करपतंय." पोरगा म्हणाला, "आई, कुणीतरी पाचट जाळत आसंल." म्हातारी म्हणाली, "जलम चुलीपुढं गेला माझा. पाचटीचा वास मला कळत न्हाई व्हय? चुलीत चप्पल पडल्यागत वास हाय ह्यो. थांबव." पोराने ऐकले नाही, तेव्हा तिने दांडा धरून उभे राहायला सुरुवात केली. मग तो नाइलाजाने माझ्या गॅरेजपुढे थांबला.

मागच्या उजव्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. दांडा खाली केला तरी लायनर ड्रमला घासतच राहिले होते. ड्रम इतका तापला की आतले तेल उकळायला लागले होते. पायडल दाबून बघितले तर मऊ लागले. तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे नळीत हवा शिरण्याचाच प्रकार. पुढे सगळा घाट उतरायचा होता.

मी ड्रम आपोआप निवू दिला. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. मग केबल मोकळी केली, वायसर बदलले, नवे तेल भरून हवा काढली. मंडळींच्या अक्षता चुकल्या, जेवणाला मात्र पोचली. जाताना ड्रायव्हर पोरगा काही बोलला नाही. म्हातारीने माझ्या नातीच्या हातावर दहा रुपये ठेवले.

तेव्हापासून मी सांगतो, चढावर करपट वास आला तर क्लच बघा, उतारावर आला तर ब्रेक. आणि मागे बसलेल्या बाईमाणसाने "थांबव" म्हटले तर थांबवा. लांबच्या फेरीत कुठे चहाला थांबलात की चारही चाकांजवळ तळहात नेऊन बघा, लोखंडाला चिकटवू नका. पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त तापतात, हे खरे. पण डावे आणि उजवे सारखेच तापले पाहिजे. एकच चाक फार गरम असेल तर ते अडकते आहे.

तेलाची बाटली आणि हवा काढणे

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात उघडा राहिलेला गूळ पाझरतो ना, तशीच त्याची जात. सध्या आपल्याकडे डॉट ३ आणि डॉट ४ अशी तेले मिळतात. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांच्या खाली उकळू नये असा नियम आहे. तेच तेल ओल धरलेले असेल तर ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक जीवघेणा ठरू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे. फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये. आपल्या गाडीला कोणते तेल लागते ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते.

त्या टाकीत इंजीन ऑइल, डिझेल असले काही चुकूनही घालू नका. त्याने आतली रबरे फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो. आणि तेलाची पातळी उतरली तर नुसती भर घालून मोकळे होऊ नका. पातळी उतरण्याची कारणे दोनच, लायनर-पॅड झिजले किंवा तेल गळते आहे. दोन्ही बघायलाच हवीत.

हवा काढायचे काम दोघांचे. साध्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचे. एकाने पायडल तीन-चारदा मारून दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल थोडा ढिला करायचा. बुडबुडे निघतात. निपल पुन्हा आवळल्याशिवाय पायडलवरचा पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचे, आणि मधूनमधून टाकीत नवे तेल घालायचे. अलीकडच्या एबीएस असलेल्या गाड्यांचे हे काम मात्र गॅरेजमध्येच करून घ्या. ड्रम उघडलात तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडले असतात, एक डाव्या चाकाचे, एक उजव्याचे. शेतात बांधाशी वळायला ती वेगवेगळी हवीत. पण रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही जोडणारी कडी लावलीच पाहिजे. कडी न लावता वेगात एकच पायडल दाबले गेले, तर एकच मोठे चाक अडते आणि ट्रॅक्टर गरकन फिरतो किंवा उलटतो. कडी लावूनही दोन्ही बाजू सारख्या धरतात का, हे मोकळ्या जागी हळू चालवून बघा. एका बाजूला वळत असेल तर दोन्हींची सेटिंग सारखी करून घ्या.

आणि ट्रॉली! आपल्या कितीतरी ट्रॉल्यांना चालणारा ब्रेकच नसतो. मागे ऊस भरलेला, आणि थांबवायचा सगळा भार ट्रॅक्टरवर. उतारावर ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. ज्या ट्रॉलीत सोमवारी ऊस भरता, त्याच ट्रॉलीत रविवारी पोरेबाळे बसवून देवाला नेता, हे मी डोळ्यांनी बघतो आहे. ट्रॉली माणसांसाठी नाही. एवढे वाक्य लक्षात ठेवलेत तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

टायर

हवेचा टायर चालता केला तो एका गुरांच्या डॉक्टरने, हे फार थोड्यांना माहीत असेल. जॉन बॉइड डनलॉप हे त्यांचे नाव. १८८८ साली बेलफास्टला त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची चाके बसवली. त्याच्याही आधी, १८४५ साली, थॉमसन नावाच्या गृहस्थाने ही कल्पना काढली होती, पण ती तेव्हा मागे पडली. पुढे हीच चाके आपल्या बैलगाडीला आली आणि उसाच्या टायरगाड्यांत बैलांचे ओझे हलके झाले.

टायरची झीज हे लिहिलेले पत्र आहे, वाचता आले पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवली जाते. मध्य झिजला आणि कडा शाबूत, तर हवा जास्त. एकच कड झिजली तर चाकाची अलाइनमेंट बिघडली आहे. जागोजागी खळगे पडल्यासारखी झीज असेल, तर शॉकअब किंवा चाकाचे बॅलन्सिंग तपासा. कारण दुरुस्त न करता नुसता टायर बदलला, तर नवाही तसाच खाल्ला जाईल.

उन्हात टायर फुटला की लोक म्हणतात, हवा जास्त झाली. मी बघितलेले बरेच टायर हवा कमी असल्याने फुटले. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उठते, त्याने आतून तापते, दोरे सुटतात. त्यावर जादा माल भरला की झालेच. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजावी. किती ठेवायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. भर दुपारी तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका, निवल्यावर ती कमी पडेल.

नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे, हा चारचाकीसाठी कायदाच आहे. माप नसेल तरी चालेल. नक्षीच्या चरांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूला फुगा आला, भेग पडून आतला दोरा दिसू लागला, तर नक्षी कितीही असली तरी तो टायर काढा. ट्यूबलेसचे पंक्चर नक्षीच्या भागात निघते, बाजूला पडलेले भोक बुजवून चालत नाही. ट्यूबच्या चाकात व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर ट्यूब आत सरकते आहे, व्हॉल्व्ह तुटण्याआधी नीट करून घ्या. आणि जुना टायर "नव्यासारखा" म्हणून कुणी देऊ लागला, तर त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरचे वय लपत नाही.

हवा रोज थोडी उतरते, पण काटा सापडत नाही? व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावा. पुष्कळदा तिथेच बुडबुडा येतो, आणि काम व्हॉल्व्ह पिनवर भागते.

चाक बदलताना गाडी सपाट, कडक जागी उभी करा. हँडब्रेक लावा, पहिल्या गिअरात टाका, समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून धोंडे लावा. नट आधी थोडे ढिले करा, मगच जॅक चढवा. गाडीखाली अंग घालू नका. काढलेले चाक तिथे आडवे सरकवून ठेवा, जॅक घसरला तरी गाडी त्यावर बसेल. नट समोरासमोरचे आवळा, आणि पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्या. स्टेपनीची हवा दर महिन्याला बघत जा.

वेळ आलीच तर

घाट ज्या गिअरात चढलात, साधारण त्याच गिअरात उतरा. गिअर काढून गाडी सोडू नका. इंजीनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतो. ओढ्यातून गाडी काढली की पुढे थोडे अंतर ब्रेक हलका दाबत चला, लायनर वाळतात.

चालत्या गाडीत ब्रेक लागेना, तर पायडल भराभर मारा. काही वेळा थोडा दाब येतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. इंजीन बंद करू नका. दरीकडे नाही, डोंगराकडे राहा. टायर फुटला तर उलटे, ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या.

घराची वाटणी

आमच्या घरात अशी रीत आहे. रविवारी सकाळी नातू हवा मोजतो आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. सून झाकण न उघडता ब्रेक ऑइलची पातळी बघते. मुलगा चाकांच्या आतून बोट फिरवतो. मी पायडल दाबून तीस मोजतो. आता एवढेच काम मला उरले आहे. चहा उकळेपर्यंत सगळे आटोपते. हवा मोजायचे मीटर आणि ब्रेक ऑइलची बाटली, दोन्ही मिळून एका पाहुणचाराच्या मटणापेक्षा स्वस्त पडतात.

येत्या रविवारी तुम्हीही करून बघा. काही ओले, काही गरम, काही मऊ सापडले, तर सोमवारचा माल एक दिवस थांबू द्या आणि गाडी मिस्त्रीकडे न्या. बरोबर काय सापडले तेही सांगा. "ब्रेक बघा जरा" म्हणण्यापेक्षा "मागच्या डाव्या चाकाला आतून ओल आहे" म्हटले, की मिस्त्रीचे निम्मे काम झालेले असते, आणि तुमचे पैसेही वाचतात.